काळजीची नजर आणि पाळतीची नजर

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही रक्तदाब आणि मधुमेह तपासणीचे शिबिर घेतले होते. रांग संपत आली तेव्हा तिशी-बत्तिशीची एक ताई समोर येऊन बसली. डोके सतत दुखते, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, एवढेच तिने सांगितले. रक्तदाब मोजला, १६० वर १००. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. घरी काही त्रास आहे का, असे विचारल्यावर तिने मागे वळून रांगेकडे पाहिले आणि नुसती मान हलवली. काही नाही म्हणाली.

सगळे पांगल्यावर ती परत आली. म्हणाली, "सिस्टर, माझ्या घरात कुणीतरी चुगल्या करतंय. दिवसभरात मी कुणाला काय बोलले ते यांना संध्याकाळी सगळं ठाऊक असतं. आईला लिहिलेलं, बहिणीला लिहिलेलं. तांबी बसवायची म्हणून आशाताईला मेसेज केला, तर त्याच रात्री घरात भांडण झालं. मला वाटलं आशाताईनंच सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणंच सोडलं."

तिचा संशय नणंदेवर होता, शेजारणीवर होता, आशाताईवर तर होताच. आम्ही तिचा मोबाईल हातात घेतला नाही. तो तिच्याच हातात ठेवून एकेक पायरी सांगितली. व्हॉट्सअ‍ॅप उघड, वरची तीन टिंबे दाब, 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघ. तिथे आणखी एक उपकरण जोडलेले होते आणि ते त्या दिवशी दुपारीसुद्धा वापरले गेले होते. ती जे लिहीत होती ते सगळे दुसऱ्या पडद्यावर जसेच्या तसे दिसत होते. कुणीही चुगली केली नव्हती. चुगलखोर तिच्याच पदरात बांधलेला होता.

तिला आम्ही रक्तदाबाची नीट तपासणी करायला सरकारी दवाखान्यात पाठवले. पण त्या दिवसापासून आमच्या मनात एक प्रश्न आहे. आरोग्याच्या पानावर आपण रक्तदाबाबद्दल लिहितो, मीठ कमी खा म्हणतो, चालायला जा म्हणतो. ज्या बाईवर चोवीस तास कुणाची तरी नजर आहे, तिचा रक्तदाब मीठ कमी करून किती उतरेल?

नजर ठेवणे हे तर आमचेच काम

नर्सिंगचा डिप्लोमा करताना पहिल्या वर्षी आम्हाला शिकवले जाते ते नजर ठेवायलाच. रुग्णाचा ताप, नाडी, श्वास दर काही तासांनी मोजायचा आणि तक्त्यावर लिहायचा. लघवी किती झाली, जेवण किती गेले, रात्री झोप लागली का, हे सगळे पाहायचे. रात्रपाळीला सिस्टर वॉर्डातून फिरते तेव्हा ती पाळतच ठेवत असते. मग त्या नजरेत आणि त्या नवऱ्याच्या नजरेत फरक काय?

फरक तीन गोष्टींचा आहे. पहिली, रुग्णाला माहीत असते की आपल्याकडे कोण पाहत आहे. तक्ता त्याच्या खाटेलाच लटकलेला असतो. दुसरी, कशासाठी पाहत आहे हेही त्याला माहीत असते. बरे करण्यासाठी. तिसरी, किती दिवस हेही ठाऊक असते. डिस्चार्ज झाला की नजर संपली.

म्हणून आम्ही वस्तीतल्या बैठकीत तीनच प्रश्न सांगतो. कोण बघतंय? कशासाठी बघतंय? किती दिवस बघणार आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली आणि त्यावर तुम्हाला 'नको' म्हणता आले, तर ती काळजीची नजर. एकाचेही उत्तर मिळत नसेल, किंवा 'नको' म्हणायची सोय नसेल, तर ती पाळत समजा.

आमच्या हातून झालेली चूक

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या फाईलवर लाल शाईने मोठी खूण करायची पद्धत होती. कारण सांगितले जायचे की कर्मचाऱ्यांनी सावध राहावे. खरे तर हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, त्यासाठी खूण लागत नाही. हे आम्हाला शिकवलेलेही होते. तरीही एका रात्री एका कामगाराच्या फाईलवर ती खूण आम्हीच केली.

सकाळपर्यंत वॉर्डबॉयला कळले, दुपारपर्यंत बाहेरच्या चहाच्या टपरीवर कळले. टपरीवर त्याच्या वस्तीतली माणसे चहाला यायची. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची खाट रिकामी होती. डिस्चार्ज न घेता तो निघून गेला, औषधेही ठेवून गेला. पुढे त्याचे काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही. लाल शाईची ती खूण मात्र आजही डोळ्यांपुढे येते.

एका नोंदीने माणसाचे काय होऊ शकते हे गोव्याने १९८९ मध्ये पाहिले. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याला नीट समजावून सांगण्याऐवजी पोलिसांमार्फत उचलले गेले आणि म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे डांबून ठेवले गेले. त्याचा गुन्हा काहीच नव्हता. त्याची आई ल्युसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढली. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. पण जाण्यापूर्वी त्याने अशा रुग्णांसाठी काम उभे केले.

आज त्या वागणुकीविरुद्ध कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही. कायद्याने सांगितलेले थोडे अपवाद आहेत, पण वॉर्डबॉय आणि चहाची टपरी त्यात येत नाहीत.

"आमच्याकडे लपवायला आहे काय?"

बैठकीत हमखास कुणीतरी म्हणते, "सिस्टर, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतो. शिंकलो तरी शेजारी कळतं. आम्हाला कसली आलीय खासगी गोष्ट?"

हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या आया-बहिणींनी पहाटे अंधारात उठून शौचाला जाण्यात आयुष्ये काढली. नळावर कपडे घालून आंघोळ केली. आडोसा हा आपल्याला कधी आयता मिळाला नाही. पण मिळाला नाही म्हणजे लागत नाही, असे नव्हे. ज्याला आडोसा नाही त्यालाच त्याची किंमत जास्त कळते.

पाळतही आपल्याकडे नवी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, तारेच्या कुंपणात कोंडले, रोज हजेरी द्यायला लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात. स्वातंत्र्याआधी आजच्या उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप आला. पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाची पाळतीची फाईल उघडली आणि रात्री-बेरात्री त्याचे दार वाजवायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते रात्रीचे दार वाजवणे बेकायदा ठरवले. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे मात्र तेव्हा मानले नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडती-जप्तीपासून संरक्षण मिळावे असे कलम सुचवले होते. संविधानाच्या अंतिम मजकुरात ते कलम आले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ च्या जगण्याच्या हक्कातच येतो. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा हा निकाल. त्यात बाबासाहेबांच्या त्या कलमाचीही आठवण काढलेली आहे. सत्तर वर्षे लागली.

तेव्हा "आमच्याकडे लपवायला काय आहे" असे म्हणण्याआधी ध्यानात घ्या. लपवणे वेगळे आणि राखणे वेगळे. चोर लपवतो. आपण आपली इज्जत राखतो.

पाळतीने शरीराला काय होते

कुणीतरी आपल्याला पाहत आहे असे सतत वाटले की शरीर धोक्याच्या तयारीत राहते. हृदय जोरात चालते, रक्तदाब वाढतो, स्नायू आखडतात. धोका दोन मिनिटांचा असेल तर शरीर सावरते. महिनोन्‌महिने तसेच चालले की झोप उडते, पित्त वाढते, डोके दुखते, काहींची पाळी मागेपुढे होते, चिडचिड वाढते. मग आपण डोकेदुखीची गोळी खात राहतो.

दुसरा परिणाम याहून वाईट. माणूस दवाखान्यात खरे सांगत नाही. टीबीची औषधे नीट घेतली तर बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत बरे होतात. पण दारात कुणी येऊन शेजाऱ्यांसमोर मोठ्याने "गोळ्या घेतल्या का" विचारले आणि घरात लग्नाची मुलगी असली, तर बाई पुढच्या वेळी दार उघडत नाही. औषध अर्धवट सुटते आणि मग टीबी औषधाला दाद देईनासा होतो. एक गुपित फुटले म्हणून एका रुग्णाचा आजार अख्ख्या घराला महाग पडतो. त्या ताईचेही तेच झाले होते. तिने आशाताईशी बोलणे सोडले, म्हणजे तांबी राहिली, तपासणी राहिली, रक्तदाबाकडे लक्ष द्यायचे राहिले.

तिसरा परिणाम कामावर दिसतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंदीगडमध्येही तसेच झाले. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे कचेरीत पडद्यावर दिसू लागले. आत कॅमेरा किंवा माईक आहे का, अशी धास्ती कामगारांनी बोलून दाखवली. घड्याळाने चूक केली तरी पगार कापला जातो, अशाही तक्रारी झाल्या. आता याकडे नर्सच्या डोळ्यांनी पाहा. झाडू मारणाऱ्या बाईला वाटेत स्वच्छतागृह नाही. ते शोधायला हद्दीबाहेर गेले तर घड्याळ सांगणार की ही जागेवर नाही. मग ती काय करते? पाणीच पीत नाही. लघवी दाबून धरते. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा. विदर्भाच्या उन्हात पाणी न पिता काम करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. ही सफाई कामगार बाई कोणत्या वस्तीत राहते हे आपल्याला सांगायला नको. हे घड्याळ साहेबाच्या मनगटावर का नाही, हा प्रश्न विचारायला मात्र हवा.

पाळत येते कुठून

नवरा, सासरा, भाऊ यांच्याकडून येणारी पाळत आपण वर पाहिली. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनला जोडणे ही त्यातली सगळ्यात सोपी युक्ती. काही जण लपून चालणारे हेरगिरीचे अ‍ॅपही टाकतात. "माझं काहीच नाही तर मोबाईल दाखव" असे रोज म्हणणे हीसुद्धा पाळतच, फक्त उघड.

दुसरी पाळत अ‍ॅपमधून येते. पाळीच्या तारखा लिहून ठेवणारी अ‍ॅप आपल्या मुली वापरतात. 'फ्लो' नावाचे असेच एक मोठे अ‍ॅप. त्यात बायकांनी विश्वासाने भरलेली पाळीची आणि गरोदरपणाची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जात होती, असा ठपका अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने २०२१ मध्ये ठेवला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. पाळीच्या तारखेला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. तारखेवर एक बारीक टिंब करा. ते टिंब कुठल्याही कंपनीला विकता येत नाही.

झटपट कर्ज देणारी अ‍ॅप तर याहून घातक. आजारपणात पैसे लागतात, रात्री दोन वाजता कुणाकडे मागणार? अ‍ॅप पाच हजार देते आणि बदल्यात फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलते. हप्ता चुकला की फोटोत फेरफार करून घाणेरडे चित्र नातेवाइकांना पाठवतात. या छळाने देशात कित्येकांनी जीव दिला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. म्हणजे जे अ‍ॅप "संपर्क पाहण्याची परवानगी द्या" म्हणते, ते तिथेच खोटे ठरले.

तिसरी जागा दुकानाचा आणि दवाखान्याचा काउंटर. औषधाच्या दुकानात "मोबाईल नंबर सांगा" म्हणतात आणि आपण चारचौघांत सांगून टाकतो. बिलासाठी नंबर देण्याची सक्ती करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितले आहे. काही औषधांसाठी, उदाहरणार्थ टीबीची आणि काही अँटिबायोटिक, दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहावे लागते. ते योग्यच आहे. पण मोबाईल नंबर हा त्या नोंदीचा भाग नाही.

लॅबमध्येही असेच होते. आमच्या ओळखीच्या एका मुलीने पोटदुखीसाठी तपासणी केली. घरात एकच नंबर, म्हणून वडिलांचा दिला. अहवाल थेट वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. त्यात गरोदरपणाची चाचणीही होती. चाचणी निगेटिव्ह होती. पण "ही चाचणी केलीच का" यावरून मुलीचे कॉलेज दोन महिने बंद झाले. तिच्या पोटदुखीचे कारण अपेंडिक्स निघाले.

चौथी जागा सरकारी योजनांची. अंगणवाडीतून घरी नेण्याच्या शिध्यासाठी २०२५ पासून चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. ज्या बाईचा आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आहे, तिचा ओटीपी त्याच्या खिशात जातो. चेहरा जुळला नाही की बाईला परत पाठवावे लागते आणि शिव्या सेविका खाते. दवाखान्यात 'आभा' क्रमांक काढायला सांगतात. चौदा आकडी हा क्रमांक असला की आजाराची कागदपत्रे एका जागी जोडता येतात. त्याचा उपयोग आहे, जुनी फाईल हरवली तरी अहवाल सापडतात. पण तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. काढायचा की नाही, कुठला अहवाल जोडायचा आणि कोणाला दाखवायचा, हे ठरवायचा अधिकार तुमचा. संगणकात ठेवलेले सगळे सुरक्षितच असते असेही नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या रुग्णालयाचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर हाताने करावे लागले.

दवाखान्यात तुमचा हक्क काय

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. २०२१ मध्ये राज्याच्या नियमांत ते आले आहे. त्यात खासगीपणा आणि गुप्तता आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी, हेही आहे.

गर्भपातासाठी १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. तिचे नाव आणि माहिती कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे कलम २०२१ च्या दुरुस्तीने आले. मानसिक आजाराच्या रुग्णाची गुप्तता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने राखली आहे.

कपडे बदलताना, आंघोळ करताना किंवा अशा खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तिचा पाठलाग करणे, तिचे फोन-इंटरनेट वापरणे पाळतीवर ठेवणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी माफ करून सोडायची ही गोष्ट नव्हे.

हे आजपासून करा

१. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' दर रविवारी पाहा. अनोळखी उपकरण दिसले तर त्यावर दाबून 'लॉग आउट' करता येते. पण पुढचा सहावा मुद्दा आधी वाचा.

२. फोनच्या सेटिंगमध्ये 'परमिशन' म्हणजे परवानग्या बघा. विजेरीच्या अ‍ॅपला तुमचे ठिकाण कशाला हवे? खेळाच्या अ‍ॅपला माईक कशाला? नको ती परवानगी बंद करा.

३. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेरा किंवा माईक चालू झाला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तुम्ही फोन वापरत नसताना ती दिसली तर शोध घ्या.

४. गुगल मॅपमध्ये तुमच्या फोटोवर दाबून 'लोकेशन शेअरिंग' पाहा. तुमचे ठिकाण कुणाला दिसते ते तिथे कळते.

५. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' आहे. महिन्यातून एकदा तपासणी करा. फोनचा आकडा बदला आणि तो मुलांच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका.

६. घरात मारहाण असेल तर हेरगिरीचे अ‍ॅप किंवा जोडलेला फोन एकदम काढू नका. काढल्याचे समोरच्याला लगेच कळते आणि तो भडकू शकतो. आधी दुसऱ्याच्या फोनवरून, विश्वासातल्या बाईशी बोला. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२. राहायची सोय ठरली की मग फोनकडे वळा. फोनपेक्षा जीव मोठा.

७. फोटोची धमकी, कर्जाच्या अ‍ॅपचा छळ, ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० वर कळवा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, तोच पुरावा.

८. लॅबमध्ये आणि दवाखान्यात सांगा, "अहवाल मी स्वतः येऊन कागदावर नेईन, फोनवर पाठवू नका." एवढे वाक्य पाठ करा. मुलींनाही पाठ करून द्या.

९. आजार सांगायचा असेल तेव्हा म्हणा, "सिस्टर, मला बाजूला बोलायचंय." कुणी नाक मुरडले तरी म्हणा.

१०. कर्ज लागलेच तर बचत गटात विचारा, विहाराच्या समितीत विचारा. अ‍ॅपकडे सगळ्यात शेवटी नव्हे, जाऊच नका.

आधी आपले घर झाडू

दुसऱ्यांना सांगताना आम्ही स्वतःच्या शिबिराकडे पाहिले तेव्हा लाज वाटली. दारातच टेबल, टेबलावर उघडी वही. नाव, पत्ता, वय, आजार, सगळे एका ओळीत. मागचा माणूस पुढच्याचा आजार वाचत उभा. आम्ही मोठ्याने विचारायचो, "साखर किती वर्षांपासून? पाळी येते का?" संध्याकाळी शिबिराचे फोटो ग्रुपवर. फोटोत कुणाच्या दंडाला पट्टा, कुणाच्या हातात अहवाल. पाळत ठेवायचा आमचा हेतू नव्हता. पण त्या पहिल्या दिवशी ती ताई रांगेकडे वळून पाहून "काही नाही" म्हणाली, ते आमच्या या मांडणीमुळेच.

आता आम्ही तीन गोष्टी बदलल्या. वहीऐवजी प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी देतो. आजार त्याच्याच कार्डावर लिहितो आणि ते कार्ड त्याच्यासोबत घरी जाते. फोटो काढायचा तर आधी विचारतो, नाही म्हटले तर काढत नाही. आणि विहाराच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना दोरी बांधून एका जुन्या नऊवारीचा पडदा केला आहे. खर्च शून्य. पडद्याआड एक खुर्ची आणि एक स्टूल.

पहिल्या शिबिरात त्या पडद्याआड आम्ही ज्या गोष्टी ऐकल्या, त्या त्याआधीच्या कित्येक शिबिरांत कुणी बोलले नव्हते. अंगावरून जाणारे पांढरे पाणी, छातीतली गाठ, मुलाची दारू, आत्महत्येचे विचार. छातीत गाठ असलेल्या ताईला आम्ही त्याच आठवड्यात रुग्णालयात घेऊन गेलो. ती गाठ तिने वर्षभर पदराखाली दाबून ठेवली होती. उघड्या वहीसमोर ती कधीच बोलली नसती.

रक्तदाबाची ती ताईही आली होती. आता ती गोळी नेमाने घेते. आशाताईशी पुन्हा बोलते. घरातले सगळे सुटले असे नाही, ते इतक्यात सुटणारही नाही. पण आता तिला ठाऊक आहे की कोण बघत होते आणि कुठून. त्या दिवशी रक्तदाब १४० वर ९० भरला. पडद्यातून बाहेर येताना तिने तो स्वतःच्या हाताने सारला आणि पुढच्या बाईला म्हणाली, "जा, आत कुणी ऐकत नाही."

तुमच्या विहारात असा एक पडदा लावता येईल का, एवढे या महिन्याच्या बैठकीत विचारा.